सीडी आणि तिच्यावरून रिप केलेली फाइल: आवाजाची तुलना कशी करावी

सीडीवरचे संगीत संगणकात उतरवून घेतले, म्हणजेच रिप केले, की पहिला प्रश्न पडतो तो हा, की फाइलमधला आवाज मूळ सीडीइतकाच चांगला आहे का. उत्तर शोधण्यासाठी बहुतेक जण सीडी एका प्लेअरवर लावतात, फाइल फोनवर लावतात, दोन्हीकडे थोडे थोडे ऐकतात आणि निकाल देऊन टाकतात. अशा ऐकण्यात यंत्र वेगळे असते, आवाजाची पातळी वेगळी असते आणि या क्षणी काय चालू आहे हेही ऐकणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे जाणवलेला फरक नेमका कशामुळे पडला, हे सांगता येत नाही. ज्यांनी सीडी रिप करायला नुकतीच सुरुवात केली आहे आणि ज्यांना ही तुलना नीट करायची आहे, त्यांच्यासाठी पुढील पद्धत दिली आहे. फाइलमधले आकडे सीडीवरच्या आकड्यांशी जुळतात की नाही हे आधी संगणकाकडून तपासून घ्यायचे, आणि कानांकडे वळायचे ते त्यानंतरच, असा तिचा क्रम आहे. हा क्रम उलटा केला तर दिवसभर ऐकूनही हाती काही लागत नाही.

यासाठी डिस्क ड्राइव्ह असलेला संगणक, तारेचे बऱ्यापैकी हेडफोन, एक चांगल्या स्थितीतली सीडी आणि काही सॉफ्टवेअर एवढेच लागते, आणि त्यातले बहुतेक सॉफ्टवेअर मोफत मिळते. महागडी यंत्रसामग्री लागत नाही.

सीडीवर नेमके काय असते

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ऑडिओ सीडीचे जे मानक निश्चित केले, ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. त्यानुसार ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, डाव्या आणि उजव्या बाजूचे स्वतंत्रपणे, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. हिशेब केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट होतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतल्यामुळे २२,०५० हर्ट्‌झच्या आतले सूर नोंदवता येतात आणि माणसाच्या कानाची मर्यादा तरुणपणीही २०,००० हर्ट्‌झच्या आसपास असते, वय वाढेल तशी ती खाली येते. १६ बिटांमुळे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. संगीत घरी ऐकण्यासाठी ही जागा पुरेशी आहे.

नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की ‘सीडीए’ असे शेपूट असलेल्या फाइली दिसतात आणि त्या संगणकावर ओढून घेतल्या की काम झाले असे वाटते. त्या फाइली प्रत्येकी फक्त ४४ बाइटच्या असतात आणि गाणे डिस्कवर कुठे सुरू होते, किती लांब आहे, एवढीच माहिती त्यांत असते. संगीत त्यांत नसतेच. सीडी बाहेर काढली की त्या निरुपयोगी होतात. संगीत मिळवायचे असेल तर ते रिप करणाऱ्या प्रोग्रामनेच वाचून घ्यावे लागते.

हे वाचणे साधी फाइल कॉपी करण्यापेक्षा कठीण का, हे समजून घेणे गरजेचे आहे. ऑडिओ सीडीवरची माहिती सेकंदाच्या ७५ व्या भागाएवढ्या तुकड्यांत विभागलेली असते आणि अशा प्रत्येक तुकड्यात २,३५२ बाइट असतात. संगणकाच्या डेटा सीडीवर एवढ्याच तुकड्यात फक्त २,०४८ बाइट डेटा ठेवून उरलेली जागा पत्ता आणि चुका शोधून सुधारण्याची जादा सोय यांसाठी वापरतात. ऑडिओ सीडीत मात्र ती सगळी जागा संगीतालाच दिलेली असते. चुका सुधारण्यासाठी तिच्यात रीड-सॉलोमन कोडचा थर असतो आणि तो भक्कम आहे. वाचनमार्गावर, म्हणजे माहिती जिच्यावर असते त्या सर्पिल रेषेवर, सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची माहिती सलग गेली तरी ती तो पूर्णपणे परत उभी करतो. पण नुकसान त्याहून मोठे असेल तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने मधले आकडे भरतो, आणि तेही जमले नाही तर क्षणभर आवाज बंद करतो. अंदाजाने भरलेली जागा कानाला बहुधा कळत नाही, आणि घाईने रिप करणारा प्रोग्रामही त्याबद्दल काही सांगत नाही. तुलनेसाठी आपल्याला तेच तर नको आहे.

पहिली पायरी: डिस्क निवडणे आणि पुसणे

पहिल्या प्रयोगासाठी ओरखडे नसलेली आणि आपल्या चांगल्या परिचयाची सीडी घ्यावी. मऊ, स्वच्छ कापडाने ती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल गोल फिरवून पुसू नये, कारण वाचनमार्गाच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो, तर आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडीशीच माहिती खराब करतो आणि ती सुधारता येते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लास्टिक असते आणि त्यावरचे हलके ओरखडे सहसा सोसले जातात. छापील बाजूला मात्र लाखेच्या पातळ थराखाली लगेच धातूचा परावर्तक थर असतो, म्हणून त्या बाजूचा खोल ओरखडा अधिक घातक ठरतो.

दुसरी पायरी: विश्वासार्ह रिप

संपूर्ण कामात सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा. पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया इथे घातला जातो, आणि इथे झालेली चूक नंतर कोणत्याही फॉरमॅटने भरून निघत नाही.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा डीबीपॉवरअँप, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर सीडीपॅरानोइया किंवा व्हिपर हे प्रोग्राम या कामासाठी नावाजलेले आहेत. त्यांच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर’ म्हणजे सुरक्षित वाचनाचा पर्याय निवडावा. तो निवडला की प्रोग्राम शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि उत्तर तेच येते का हे पाहतो. ‘बर्स्ट’ हा पर्याय वेगवान आहे, पण त्यात वाचलेले एकदाच वाचले जाते. काही ड्राइव्ह नुकतेच वाचलेले स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवतात आणि दुसऱ्यांदा मागितले की डिस्ककडे न जाता तेच परत देतात. तसे झाले तर पुन्हा वाचण्याला अर्थ उरत नाही. म्हणून एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी पहिल्यांदा सुरू केल्यावर ड्राइव्हची जी तपासणी करायला सांगते, ती टाळू नये.

रिप बरोबर झाला हे ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग घरचा: ‘टेस्ट अँड कॉपी’ या पर्यायाने प्रत्येक गाणे दोनदा वाचले जाते, प्रत्येक वेळी त्याचा चेकसम, म्हणजे सगळ्या आकड्यांवरून काढलेली एक छोटी खूण, नोंदवला जातो, आणि दोन्ही खुणा जुळल्या तर वाचन स्थिर आहे असे मानता येते. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. ॲक्युरेटरिप या सेवेकडे असंख्य लोकांनी आपापल्या ड्राइव्हवर केलेल्या रिपचे चेकसम जमा आहेत. आपला चेकसम इतरांच्या चेकसमशी जुळला, तर वेगवेगळ्या डिस्क, वेगवेगळे ड्राइव्ह आणि तरीही आकडे तेच, असा त्याचा अर्थ होतो. एवढ्या सगळ्यांनी एकसारखीच चूक करणे जवळजवळ अशक्य असते. हा निकाल मिळाला की त्या गाण्यापुरता रिपच्या अचूकतेचा प्रश्न मिटला असे समजावे.

या सेटिंगमध्ये ‘रीड ऑफसेट’ नावाची एक गोष्ट दिसते आणि तिची नवख्यांना उगाच भीती वाटते. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह गाण्याची सुरुवात काही नमुने पुढे किंवा मागे धरतो, एवढाच तो प्रकार आहे. हा फरक सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा असतो आणि त्याने आवाजाचा दर्जा तसूभरही बदलत नाही. चेकसम जुळावेत म्हणून मात्र तो दुरुस्त करावा लागतो, आणि ओळखीच्या ड्राइव्हसाठी प्रोग्राम ते आपणहून करतो.

रिप नेहमी फ्लॅक या फॉरमॅटमध्ये करावा. ॲपलची उपकरणे वापरणाऱ्यांनी एलॅक वापरला तरी चालेल. हे दोन्ही फॉरमॅट लॉसलेस आहेत. फाइल साधारणपणे मूळच्या निम्म्याच्या आसपास आकाराची होते, पण उघडल्यावर एकेक बिट जसाच्या तसा परत मिळतो. फ्लॅकची आणखी एक सोय अशी, की मूळ ध्वनीचा एमडी५ चेकसम ती स्वतःतच जपून ठेवते, त्यामुळे काही वर्षांनंतरही फाइल बिघडली आहे का हे तपासता येते. अर्थात ही तपासणी फाइल बनल्यानंतरचीच हमी देते. डिस्कवरून वाचतानाच चूक झाली असेल तर फ्लॅक ती चूकसुद्धा तितक्याच निष्ठेने जपते. संगीत वाजवणारे अनेक प्रोग्राम सीडी घातली की काही न विचारता कॉम्प्रेस केलेली फाइल बनवतात, म्हणून सुरुवात करण्याआधी सेटिंग एकदा पाहूनच घ्यावी.

तिसरी पायरी: तुलनेच्या फाइली

आता त्या एका फ्लॅक फाइलवरूनच बाकीच्या फाइली बनवाव्यात: लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रामने सेकंदाला १२८ किलोबिट, १९२ किलोबिट आणि ३२० किलोबिट दराची एमपी३, आणि हवी असल्यास २५६ किलोबिटची एएसी. हे दोन्ही फॉरमॅट फाइल लहान करण्यासाठी काही माहिती कायमची गमावतात. एमपी३ वरून दुसरी एमपी३ बनवू नये, कारण प्रत्येक वेळी नवे नुकसान जुन्यावर चढते. तसेच इंटरनेटवरून मिळालेले तेच गाणे सीडीबरोबर तुलनेला घेऊ नये. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या अनेकदा वेगवेगळ्या मास्टरवरून, म्हणजे प्रती काढण्यासाठी तयार केलेल्या अंतिम ध्वनिमुद्रणावरून, निघालेल्या असतात. नंतरच्या आवृत्तीत आवाज चढवलेला आणि लहान-मोठ्या आवाजांतला फरक दाबलेला असू शकतो. तो फरक फॉरमॅटहून कितीतरी ठळकपणे ऐकू येतो आणि दोष मात्र बिचाऱ्या फाइलला लागतो.

चौथी पायरी: कानांशिवाय तपासणी

ॲक्युरेटरिपने पसंती दिली असेल तर फ्लॅक आणि सीडी यांच्यातला सामना बरोबरीचा आहे हे सिद्ध झालेच आहे. तरीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये एक सोपा प्रयोग करता येतो. सीडीवरून थेट काढलेली, कॉम्प्रेस न केलेली वेव्ह फाइल आणि फ्लॅक फाइल एकाखाली एक उघडावी, दोन्हींची सुरुवात तंतोतंत जुळवावी, एका ट्रॅकवर ‘इन्व्हर्ट’ हा इफेक्ट लावावा आणि मग दोन्ही ट्रॅक एकत्र मिसळावेत. एकातला प्रत्येक चढ दुसऱ्यातल्या उताराला खोडतो. आकडे सारखे असतील तर उरते ती सरळ, सपाट रेषा. कितीही मोठी करून पाहिली तरी तिच्यात काही दिसत नाही. ट्रॅक मिसळताना ऑडॅसिटीचा ‘डिदर’, म्हणजे मुद्दाम मिसळला जाणारा बारीक गोंगाट, बंद ठेवावा, नाहीतर एरवी शून्य असलेल्या जागी त्याचीच बारीक खरखर दिसू शकते.

हाच प्रयोग एमपी३ वर केला की काहीतरी उरते. १२८ किलोबिटच्या फाइलमधून उरलेला अवशेष वाजवला तर झांजांची किरकिर, ‘स’ आणि ‘श’चे फुत्कार आणि मागे गाण्याची पुसट सावली असे काहीसे ऐकू येते. ते ऐकून अनेक जण हबकतात आणि एवढे सगळे हरवले असे म्हणतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. एमपी३ ची सारी रचनाच या गृहीतावर उभी आहे, की एका मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, म्हणून त्या ठिकाणी अचूकता कमी केली तरी चालते. अवशेष एकटा वाजवला की त्याला झाकणारा मोठा आवाज राहत नाही, आणि जे गाण्यात कधीच ऐकू आले नसते ते उघडे पडते. आकडे बदललेत हे हा प्रयोग निर्विवादपणे सांगतो. बदल कानाला कळतो का, हे सांगणे त्याच्या आवाक्यात नाही. शिवाय एमपी३ बनवताना आणि उघडताना सुरुवातीला हजारावर नमुन्यांची रिकामी जागा घुसते. काही प्रोग्राम ती कापून टाकतात, काही टाकत नाहीत. दोन्ही ट्रॅक एका नमुन्यानेही सरकलेले असतील तर अवशेष खोटाच मोठा दिसतो.

पाचवी पायरी: पातळी जुळवणे

दोन सारख्याच आवाजांपैकी एक किंचित मोठा असेल तर कान त्याला मोठा म्हणत नाही, तो अधिक भरदार, अधिक स्पष्ट आहे असे म्हणतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि सरावलेले ऐकणारेही त्यातून सुटत नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंच्या पातळीत ०.१ डेसिबलहून अधिक फरक राहू नये, असा प्रयत्न करावा. एकाच सीडीवरून बनवलेल्या फाइलींत हे जवळजवळ आपोआप साधते. फक्त प्लेअरमधले इक्वलायझर, बेस वाढवणारे इफेक्ट आणि गाण्यागाण्याची पातळी सारखी करणारी सोय बंद आहे ना, हे पाहावे.

सहावी पायरी: न बघता ऐकणे

आता कानांची पाळी. फूबार २००० या प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणीची जोडणी बसवता येते. तिच्यात ‘ए’ ही फ्लॅक आणि ‘बी’ ही एमपी३ असते, आणि ‘एक्स’ या दोघांपैकी कोणतीतरी एक असते, ती कोणती हे फक्त संगणकाला ठाऊक असते. हवे तितक्या वेळा तिन्ही ऐकून ‘एक्स’ कोण हे सांगायचे, की एक फेरी झाली. फेऱ्यांची संख्या आधीच ठरवून ठेवावी, १६ हा चांगला आकडा आहे, आणि मध्ये निकाल पाहू नये, चांगला निकाल दिसतोय म्हणून लवकर थांबूही नये. १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून थोडी कमी असते. म्हणून १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आल्यावर फरक ऐकू येतो असे म्हणायला आधार मिळतो. १० पैकी ७ बरोबर आले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मनाला पटायला जरा जड जाते, पण मान्य करावे.

पूर्ण गाणे ऐकून फरक पकडण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण बारीक छटा कानाच्या स्मरणात काही सेकंदच टिकतात. पाच ते दहा सेकंदांचा तुकडा निवडून तोच पुन्हा पुन्हा ऐकावा. तुकडाही विचार करून निवडावा. कॅस्टानेट, टाळ्यांचा कडकडाट, हार्प्सिकॉर्ड आणि झांजा यांच्यावर एमपी३ ची खरी परीक्षा होते. एमपी३ ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या चौकटींत हाताळते आणि त्या चौकटीत आलेली अचूकतेची तूट साऱ्या चौकटीवर पसरते. शांततेत अचानक कॅस्टानेटचा ठोका पडला, की त्या तुटीचा खरखरीत अंश ठोक्याच्याही आधीच्या शांततेत सांडतो आणि ठोक्याची धार बोथट झाल्यासारखी वाटते. एन्कोडर अशा ठिकाणी चौकट लहान करून सावरण्याचा प्रयत्न करतो, पण बिट कमी असतील तर पूर्ण सावरत नाही. एकदा १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये हा दोष ओळखता आला की कशाकडे कान लावायचे ते कळते. मग १९२ आणि त्यानंतर ३२० असे वर चढावे. उलट क्रमाने, थेट ३२० पासून सुरुवात केली तर बहुतेकांच्या पदरी निराशाच येते.

१२८ ला फरक सापडणे आणि ३२० ला, किंवा चांगल्या २५६ किलोबिट एएसीला, बहुतेक संगीतात तो न सापडणे, हा अगदी सामान्य निकाल आहे. त्यात कानांचा कमीपणा काही नाही. मी स्वतः तरीही फ्लॅकच ठेवा असेच सांगेन, आणि त्याचे कारण आवाज हे नसून पुढची सोय हे आहे: उद्या नवा फॉरमॅट आला तर फ्लॅकवरून तो काहीही न गमावता बनवता येतो आणि डिस्क पुन्हा रिप करावी लागत नाही.

सातवी पायरी: प्लेअर विरुद्ध संगणक

सीडी प्लेअर आणि संगणक यांचीच तुलना करायची असेल तर दोघांचा डिजिटल आउटपुट एकाच बाहेरच्या डॅकला जोडावा, प्लेअरचा ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल आणि संगणकाचा यूएसबी. आकड्यांचे विजेत रूपांतर करणारे यंत्र एकच झाले की पातळीही आपोआप जुळते. संगणकावरचे सगळे व्हॉल्यूम पूर्ण ठेवून डॅकच्या किंवा अँप्लिफायरच्या बटणाने आवाज कमी-जास्त करावा. विंडोज अनेकदा सगळा आवाज ४८,००० नमुन्यांच्या दरात बदलून पुढे पाठवते. ते टाळण्यासाठी प्लेअरमध्ये वासापी या विंडोजच्या ध्वनिमार्गाचा एक्सक्लुझिव्ह पर्याय निवडावा. ब्लूटूथ हेडफोन या कामाला चालत नाहीत, कारण सर्वसाधारण ब्लूटूथ जोडणी वाटेत आवाज पुन्हा कॉम्प्रेस करते आणि मग दोन्हीकडून आलेले संगीत त्याच गाळणीतून जाते. इनपुट बदलण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावे, तिने नाणे उडवून क्रम ठरवावा आणि ऐकणाऱ्याला तिचा चेहरा दिसू नये.

इतके करूनही फ्लॅक आणि सीडी यांत फरक स्पष्ट ऐकू येत असेल, तर आधी रिपचा लॉग, म्हणजे रिप करताना प्रोग्रामने ठेवलेली नोंद, आणि प्लेअरमधले इफेक्ट पुन्हा तपासावेत. तिथे काही सापडले नाही तर एक दुर्मीळ पण खरी शक्यता उरते. सुरुवातीच्या काळातल्या, विशेषतः १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस वापरलेला आहे: ध्वनिमुद्रणात वरचे सूर मुद्दाम चढवलेले असतात आणि डिस्कवरची एक खूण वाचून प्लेअर ते पुन्हा उतरवतो. रिप करताना नमुने तंतोतंत उतरतात, पण ती खूण फाइलमध्ये बहुधा येत नाही, त्यामुळे आकडे हुबेहूब तेच असूनही फाइल कर्कश आणि पातळ वाजते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या यादीत प्री-एम्फसिसचा वेगळा रकाना असतो. तिथे ‘होय’ दिसले तर सॉक्स या प्रोग्रामच्या ‘डीएम्फ’ इफेक्टने वरचे सूर मूळ जागी आणून ऐकण्यासाठी वेगळी प्रत बनवावी, आणि जशीच्या तशी उतरवलेली फ्लॅक तिच्या लॉगसह बाजूला जपून ठेवावी. काही डिस्कवर ही खूण विषयसूचीत नसून गाण्याबरोबर चालणाऱ्या उपमाहितीतच असते, म्हणून रकान्यात ‘नाही’ दिसले आणि आवाज तरीही संशयास्पद वाटला, तर सीडीआरडीएओसारख्या ती उपमाहिती वाचणाऱ्या प्रोग्रामने डिस्क एकदा तपासून घ्यावी.